सर्व्हायव्हल गेममधला तराफा: ओंडक्याच्या वजनापासून शिडातल्या वाऱ्यापर्यंत

समुद्रावर घडणाऱ्या सर्व्हायव्हल गेममध्ये तराफा हा खेळाडूचे घर, वाहन आणि कोठार अशा तिन्ही भूमिका बजावतो. तरीही अनेक गेममध्ये तो पाण्यावर तरंगण्याऐवजी पाण्यावर ठेवल्यासारखा वाटतो. 'राफ्ट' हा स्वीडनच्या रेडबीट इंटरॅक्टिव्हचा गेम २०१८ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यात खेळाडू चार चौकोनांच्या तळावर सुरुवात करतो आणि पुढे त्यावर अनेक मजले चढवू शकतो. तराफा कलत नाही, खाली दबत नाही; इंजिनांची गरज फक्त तळाच्या चौकोनांच्या संख्येवर, म्हणजे दर १०० चौकोनांमागे एक अशी ठरते. तो मुळात बांधकामाचा आनंद देणारा गेम असल्यामुळे हा निर्णय त्याला शोभतो. 'स्ट्रँडेड डीप'ने वेगळी वाट धरली. तिथे तराफ्याचा तळ लाकूड, बोया, टायर किंवा पिंप यांपैकी कशाचा आहे यावर त्याची वागणूक ठरते आणि तराफा उलटूही शकतो.

या लेखात दुसऱ्या वाटेने आणखी पुढे जायचे आहे. तराफ्याला एकत्रित 'हेल्थ' देऊन ती शार्कच्या प्रत्येक धडकेला दहाने कमी करणे सोपे असते, परंतु त्यातून खेळाडू काहीच शिकत नाही. त्याऐवजी प्रत्येक ओंडक्याला आणि प्रत्येक बांधणीला मोजके गुणधर्म द्यावेत आणि तरंगणे, कलणे, तुटणे व वेग हे सारे त्यांतूनच निघू द्यावे. पुढील पायऱ्या गोडो किंवा युनिटी यांपैकी कोणत्याही गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, करता येतील. गोडो मोफत आणि मुक्त स्रोत असल्यामुळे नवख्याने तिथून सुरुवात करावी, असे मला वाटते.

पायरी १: कोणते वास्तव ठेवायचे आणि कोणते सोडायचे, ते आधी लिहून काढा

वजन, प्लावक बल (पाणी वस्तूला वर ढकलते ते बल), दोराची ताकद आणि वारा या चार गोष्टी खऱ्या मापांत ठेवाव्यात, म्हणजे मीटर, किलो, सेकंद आणि न्यूटन. सोडायचे ते अंतर आणि काळ. खरा तराफा माणसाच्या चालीपेक्षाही हळू जातो, त्यामुळे समुद्र खऱ्या आकाराचा ठेवल्यास खेळाडू कंटाळून गेम बंद करील. वेग खोटा करण्यापेक्षा समुद्र लहान करावा. तराफ्याचा वेग दहापट केला की लाटा, शीड आणि पाण्याचा अवरोध यांची सगळी गणिते एकमेकांशी विसंगत होतात आणि मग प्रत्येक ठिकाणी ठिगळे लावत बसावे लागते.

पायरी २: सामानाचा तक्ता तयार करा

प्रत्येक तरंगणाऱ्या भागाला पाच आकडे पुरतात: आकारमान, कोरडे वजन, जास्तीत जास्त किती पाणी शोषेल, ते शोषण्याचा वेग आणि पृष्ठभागाचा कठीणपणा. शेवटचा आकडा अनावश्यक वाटेल, पण दोराच्या पायरीत तोच कामाला येतो.

उदाहरणासाठी ४ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका घेऊ. त्याचे आकारमान सुमारे ०.२८३ घनमीटर होते. लाकडाची घनता ५०० किलो प्रति घनमीटर धरली तर वजन सुमारे १४१ किलो भरते. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १०२५ असल्यामुळे पूर्ण बुडालेला हा ओंडका २९० किलो वजनाइतके पाणी बाजूला सारतो. म्हणजे एका ओंडक्याची उरलेली भारक्षमता सुमारे १४८ किलो आणि सहा ओंडक्यांची जवळपास ८९० किलो. खेळाडूला यातली निम्मीच वापरता येईल, असे गृहीत धरून पुढचा आराखडा करावा, कारण लाटेत तळ पूर्ण बुडू लागला की तराफा चालवण्यासारखा राहत नाही.

लाकूड बदलले की सारे बदलते, आणि क्राफ्टिंगची, म्हणजे गेममध्ये सामान जोडून वस्तू बनवण्याची, खरी गंमत इथेच आहे. वाळलेले बाल्सा १६० च्या आसपास असते, तर साग ६५० च्या आसपास. म्हणजे सागाचा ओंडका टिकतो, पण भार कमी पेलतो. बांबूच्या बाबतीत एक बारकावा गेममध्ये घ्यावा. बांबू तरंगतो तो पेरांमधल्या बंद पोकळीमुळे. सह्याद्रीच्या पट्ट्यातला कळक पोकळ असतो, पण कोकणात लावला जाणारा माणगा जवळजवळ भरीव असतो. डोलकाठीला किंवा वल्ह्याच्या दांड्याला तो उत्तम, पण तराफ्याच्या तळासाठी कामाचा नाही. गेममध्ये 'बांबू' असा एकच पदार्थ ठेवण्याऐवजी पोकळ आणि भरीव असे दोन प्रकार ठेवले, तर खेळाडूला निवड करण्याचे खरे कारण मिळते. शिवाय पोकळ बांबू खडकावर आपटून फुटला तर फक्त फुटलेल्या पेरात पाणी शिरेल, बाकीची पेरे तरंगवत राहतील.

२०० लिटरच्या पिंपाचे वर्तन याच्या उलट आहे. बंद असेपर्यंत एक पिंप समुद्रात सुमारे १९० किलो भार पेलते. भोक पडले की त्याचा सगळा आधार जातो. प्लॅस्टिकचे पिंप पाणी भरल्यावरही पाण्याच्या पातळीलगत रेंगाळते, लोखंडी पिंप मात्र तराफ्याला खाली ओढू लागते. दोघांचे चित्र वेगळे आणि वर्तन एकच, असे करू नये.

पायरी ३: तरंगण्याचे गणित बिंदूंवर बसवा

पूर्ण तराफा एकच रिजिड बॉडी (इंजिन बलांनुसार हलवते ती न वाकणारी वस्तू) ठेवावा आणि प्रत्येक ओंडक्यावर लांबीच्या दिशेने चार बिंदू घ्यावेत. प्रत्येक बिंदूकडे ओंडक्याच्या आकारमानाचा चौथा हिस्सा द्यावा. दर भौतिक टप्प्याला, म्हणजे गोडोमध्ये मूळ मांडणीनुसार सेकंदाला ६० वेळा आणि युनिटीमध्ये ५० वेळा, पुढील गोष्टी कराव्यात. बिंदूच्या ठिकाणी पाण्याची पातळी काढावी. ओंडक्याचा तळ त्या पातळीच्या किती खाली आहे ते मोजावे. त्या खोलीला व्यासाने भागून बुडालेला हिस्सा ठरवावा आणि तो ० ते १ च्या मर्यादेत ठेवावा. हिस्सा, बिंदूचे आकारमान, १०२५ आणि ९.८१ यांचा गुणाकार म्हणजे त्या बिंदूवरचे वरच्या दिशेचे बल.

गोल ओंडक्यासाठी हे सरळ प्रमाण तंतोतंत बरोबर नाही. खोली व्यासाच्या चौथ्या भागाइतकी असताना खरा बुडालेला हिस्सा २५ नव्हे, सुमारे २० टक्के असतो. अर्ध्यावर मात्र दोन्ही जुळतात, आणि लाकडी तराफा बहुतेक वेळ अर्ध्याच्या आसपासच बुडालेला असतो, म्हणून ही चूक खुशाल पोटात घालावी.

बल लावण्याच्या फंक्शनमध्ये मात्र नवखे हमखास फसतात. युनिटीत 'ॲड फोर्स ॲट पोझिशन'ला बिंदूचे जगातले स्थान द्यायचे असते. गोडोमध्ये 'अप्लाय फोर्स'ला बॉडीच्या मूळबिंदूपासूनचे अंतर, पण जगाच्या अक्षांमध्ये, द्यायचे असते. एकीकडचा कोड दुसरीकडे तसाच उतरवला, तर तराफा जगाच्या मूळबिंदूपाशी असेपर्यंत नीट वागतो आणि बेटापासून दूर गेला की भोवऱ्यासारखा फिरू लागतो.

नुसते प्लावक बल दिले तर ओंडका वरखाली उसळतच राहतो. आपल्या उदाहरणातल्या ओंडक्यासाठी या उसळीचा काळ सुमारे पाऊण सेकंद येतो. ती शमवण्यासाठी प्रत्येक बिंदूच्या उभ्या वेगाच्या उलट दिशेने अवरोध लावावा. सेकंदाला एक मीटर वेगामागे संपूर्ण ओंडक्यासाठी सुमारे ७०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी १७५, हा आकडा सुरुवातीला ठीक आहे. एवढ्यात उसळी दोनतीन हेलकाव्यांत थांबते. हा अवरोध बुडालेल्या हिश्श्याने गुणायला विसरू नये, अन्यथा लाटेच्या माथ्यावरून हवेत आलेला ओंडकाही मधात पडल्यासारखा खाली येईल.

आडव्या हालचालीचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घ्यावा आणि ओंडक्याच्या लांबीच्या दिशेने व आडव्या दिशेने वेगळा ठेवावा. तराफा ओंडक्यांच्या दिशेने सहज सरकतो आणि आडवा ढकलताना अडतो. हा भेद नसेल तर पुढे शीड आणि सुकाणू या दोघांनाही काही अर्थ उरत नाही.

पायरी ४: लाटा एकाच सूत्रातून घ्या

पडद्यावर दिसणारी लाट आणि गणितातली लाट वेगळी असली की तराफा पाण्यात रुततो किंवा हवेत तरंगतो. शेडरमध्ये (पडद्यावरचे चित्र रंगवणाऱ्या कोडमध्ये) आणि भौतिक गणितात एकच सूत्र, एकच घड्याळ आणि तेच आकडे वापरावेत. गर्स्टनर पद्धतीच्या तीन-चार लाटांची बेरीज यासाठी पुरते. या पद्धतीत पाण्याचा कण आडवाही सरकतो. त्यामुळे तराफ्याच्या बिंदूखाली नेमका कोणता कण आला आहे, ते दोन-तीन वेळा उलट गणित करून शोधावे लागते. हे टाळले तर उंच लाटेत तराफा लाटेच्या थोडा पुढे किंवा मागे धावताना दिसतो.

लाटेचा वेग मनाने ठरवू नये. खोल पाण्यात तो तरंगलांबीवरून निघतो: तरंगलांबी गुणिले ९.८१, भागिले ६.२८ आणि त्याचे वर्गमूळ. २० मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे ५.६ मीटर, तर ६० मीटर लांबीची सुमारे ९.७ मीटर वेगाने जाते. लांब लाटा छोट्या लाटांना मागे टाकत जाताना दिसल्या की समुद्र एकदम खरा वाटू लागतो. लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या भागाच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण त्याआधीच खरी लाट फुटते. तराफ्याच्या निम्म्या लांबीपेक्षाही आखूड तरंग मात्र फक्त दृश्यात ठेवावेत. भौतिक गणितात घेतल्यास ते बिंदूंना विनाकारण थरथरवतात.

पायरी ५: कलणे आणि उलटणे

रिजिड बॉडीचे वस्तुमान केंद्र इंजिनला आपोआप काढू देऊ नये. आकार पाहून काढलेले केंद्र एका कोपऱ्यात ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या पिंपाची दखल घेत नाही. ओंडके, फळ्या, डोलकाठी, पेट्या आणि गेममधली माणसे यांच्या वजनांवरून केंद्र आणि जडत्व स्वतः काढावे, आणि काही हलले, ओले झाले किंवा तुटले की पुन्हा काढावे. खेळाडूचे पात्र बहुधा रिजिड बॉडी नसते, म्हणून त्याचे वजन तराफ्यावर आपोआप पडत नाही. पावलांच्या ठिकाणी ७० किलो वजनाचे, म्हणजे सुमारे ६८७ न्यूटनचे बल खाली लावावे. एवढ्या एका ओळीने तराफा जिवंत होतो, कारण खेळाडू कडेला गेला की ती कडा दबते. मात्र हे बल वेगळे लावत असाल, तर वस्तुमान केंद्र काढताना त्या पात्राचे वजन पुन्हा धरू नका.

आता तीन ओंडक्यांचा, म्हणजे ९० सेंटिमीटर रुंदीचा तराफा घ्या. त्यावर एक माणूस उभा राहिला तर तो डगमगेल, पण तरेल. त्याच तराफ्यावर तळापासून मीटरभर उंचीवर १५० किलोची पेटी ठेवली, तर बुडण्याचा प्रश्न नाही, कारण तीन ओंडके ८६९ किलोपर्यंत वजन पेलतात आणि इथे एकूण ६४४ किलोच आहे. तरीही हा तराफा उलटण्याच्या अगदी काठावर येतो. नौकाशास्त्रात स्थैर्याचे जे माप वापरतात, ते इथे जेमतेम ३ सेंटिमीटर उरते. ते माप मुख्यतः रुंदीच्या घनावर अवलंबून असते. रुंदी दुप्पट केल्याबरोबर वजनही दुप्पट झाले, तरी आधार चौपट मिळतो. 'तरंगतो म्हणजे सुरक्षित आहे' हा खेळाडूचा समज मोडणारा हा प्रसंग गेमच्या पहिल्या तासातच यावा, अशी माझी शिफारस आहे.

इथे बिंदूंच्या जागेबद्दल सावध राहावे. फक्त मध्यरेषेवर बिंदू घेतले तर ओंडक्याची स्वतःची रुंदी गणितातून निसटते आणि वरच्या उदाहरणातला काठावरचा तराफा थेट उलटतो. अरुंद तराफ्यासाठी प्रत्येक ओंडक्यावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९ सेंटिमीटरवर बिंदूंच्या दोन रांगा घ्याव्यात आणि बिंदू आठ झाल्यामुळे प्रत्येकाचे आकारमान व अवरोध निम्मे करावेत. रुंद तराफ्यात हा फरक जाणवत नाही.

अरुंद तळाला स्थैर्य देण्याचा कोकणच्या किनाऱ्यावरचा उपाय म्हणजे उलांडी: मुख्य होडीपासून दोन आडव्या काठ्यांवर बाहेर बांधलेले तरंगते लाकूड. क्राफ्टिंगमध्ये तिला कोणताही बोनस देण्याची गरज नसते. केंद्रापासून दोन मीटर दूर असलेल्या एका ओंडक्याचे बिंदू आपले काम आपोआप करतात.

पायरी ६: दोर, बांधणी आणि झीज

वास्तव तराफ्यात महाग वस्तू लाकूड नसून दोर असतो. हिशेब करून पाहा. ३० सेंटिमीटरचा ओंडका आणि त्यावरची आडवी वासाकाठी यांना एक फेरा मारायला सुमारे १.२ मीटर दोर लागतो. चार फेरे, मग ते आवळण्यासाठी दोन लाकडांच्या मधून काढलेले फेरे आणि शेवटची गाठ धरून एका बांधणीला सात मीटर. सहा ओंडके आणि तीन वासाकाठ्या म्हणजे १८ बांधण्या, अर्थात १२६ मीटर दोर. १९४७ मध्ये नॉर्वेचा संशोधक थोर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती ज्या 'कॉन-टिकी' तराफ्यावरून पेरू देशाच्या काय्याओ बंदरातून निघाले, तो नऊ बाल्सा ओंडक्यांचा तराफाही खिळ्यांशिवाय, सुमारे ३०० दोरखंडांच्या तुकड्यांनी बांधलेला होता. तेव्हा 'दोन वेली + चार फळ्या = तराफा' ही कृती बाजूला ठेवावी.

दोर मिळण्याचे मार्ग दोन ठेवावेत. पहिला, किनाऱ्यावर वाहून आलेली जुनी जाळी: लगेच मिळते, पण किती झिजलेली आहे ते कळत नाही. दुसरा, नारळाचा काथ्या. सोडण (नारळाचे तंतुमय साल) खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवून, बदडून, धागे सोडवून सुंभ वळण्याची पद्धत आपल्या किनाऱ्यांवर जुनी आहे. गेममध्ये महिन्यांचे तीन-चार दिवस करावेत, पण क्रम मोडू नये: न भिजवलेल्या सोडणापासून भरड आणि कमजोर सुंभ, भिजवलेल्यापासून मजबूत सुंभ. वळताना धाग्यांचा पीळ एका दिशेला आणि दोन पदरांचा एकमेकांभोवतीचा पीळ उलट दिशेला असतो, म्हणून दोर उलगडत नाही. दोन बटणे एकाआड एक दाबण्याची छोटी कृती यावर सुंदर बेतता येते. ती एकदा शिकवावी आणि पुढे आपोआप होऊ द्यावी. पन्नासाव्या मीटरलाही तीच करायला लावणे हा छळ आहे.

आता बांधणीचे गणित. प्रत्येक बांधणीसाठी भौतिक इंजिनचा स्वतंत्र जॉइंट, म्हणजे दोन वस्तू जोडणारा सांधा, वापरण्याचा मोह होतो. १८ जॉइंट, त्यांवर १४१ किलोचे ओंडके आणि लाटा, एवढ्यात तराफा जेलीसारखा थरथरू लागतो. त्यापेक्षा तराफा एकच बॉडी ठेवून कोणत्या बांधणीने काय काय जोडले आहे याची जंत्री वेगळी ठेवावी. दर टप्प्याला प्रत्येक ओंडक्यावर पडलेल्या सगळ्या बलांची बेरीज करावी. त्या जागी तराफ्याला मिळालेले त्वरण गुणिले ओंडक्याचे वजन, म्हणजे ओंडक्याला इतरांबरोबर हलण्यासाठी लागणारे बल, त्यातून वजा करावे. उरलेला फरक बांधण्यांनी पेललेला असतो. तो त्या ओंडक्यावरच्या बांधण्यांमध्ये वाटावा.

वाटणीला आलेला ताण क्षमतेपेक्षा जास्त झाला तर बांधणी लगेच तुटते. कमी असला तरी झीज होते आणि ती ताण व क्षमता यांच्या गुणोत्तराच्या घनाने मोजावी. काठोकाठ ताणाखाली बांधणी एक मिनिट टिकणार असेल, तर निम्म्या ताणाखाली ती ८ मिनिटे आणि पाव ताणाखाली ६४ मिनिटे टिकेल. यामुळे शांत समुद्रात झीज जवळपास दिसत नाही आणि वादळात खेळाडूला बांधण्या तपासत फिरावे लागते, म्हणजे नेमके जे हवे तेच होते. आवळण्याचे फेरे न मारलेली बांधणी दुप्पट झिजावी. बांधणी गेली की जंत्रीतून ती काढून कोणता ओंडका कोणाशी जोडलेला उरला ते शोधावे, आणि सुटा गट सापडला तर त्याची नवी बॉडी करून त्या जागचा जुना वेग त्याला द्यावा.

पायरी २ मधला कठीणपणा आता वापरायचा. 'कॉन-टिकी'चे दोर ओंडक्यांच्या घासण्याने लवकरच तुटतील, असे जाणकारांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात बाल्सा इतके मऊ निघाले की दोर त्यात रुतून बसले आणि घर्षणापासून वाचले. तेव्हा झिजेला कठीणपणाने गुणावे: मऊ लाकडात दोर टिकतो पण लाकूड लवकर खराब होते, कठीण लाकडात उलटे घडते. कठीण लाकडावर दोरासाठी खाच कोरण्याची सोय दिली, तर कुऱ्हाडीला तोडण्यापलीकडचा उपयोग मिळतो.

पायरी ७: भिजणे आणि वाळवणे

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आपले कट्टुमरम, म्हणजे ओंडके बांधून केलेली होडी, किनाऱ्यावर आल्यावर सोडून ओंडके वाळत घालत असत. सर्व्हायव्हल गेमसाठी याहून चांगली दिनचर्या सापडणार नाही. आपल्या ओंडक्याची घनता पाणी शोषत ५०० वरून ८०० पर्यंत गेली, तर त्याची भारक्षमता १४८ वरून ६४ किलोपर्यंत घसरते. तराफा बुडत नाही, पण रोज थोडा खाली बसतो, लाटा फळ्यांवरून वाहू लागतात, वेग कमी होतो आणि मग खेळाडूला बेट गाठून तराफा ओढून घ्यावाच लागतो.

शोषण मंदावण्याचे दोन उपाय ठेवता येतील. 'कॉन-टिकी'साठी इक्वेडोरच्या जंगलातून ताजे, चीक भरलेले बाल्सा तोडले होते आणि त्या चिकाने पाण्याला आत शिरू दिले नाही. म्हणजे ताजे लाकूड जड पण टिकाऊ, वाळलेले हलके पण तहानलेले. दुसरा उपाय लेपाचा. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावण्याची पद्धत कोकण-गोव्याकडे परिचित आहे, आणि ते तेल त्वचेला भाजते; काढताना हातमोजे नसतील तर इजा, असा नियम सहज बसतो.

पायरी ८: शीड, वल्हे आणि दिशा

शिडावरचे बल काढण्यासाठी हवेची घनता १.२२५, शिडाचे क्षेत्रफळ, वाऱ्याच्या सापेक्ष वेगाचा वर्ग आणि १.२ च्या आसपासचा गुणांक यांच्या गुणाकाराचे निम्मे घ्यावे. शब्द 'सापेक्ष' महत्त्वाचा आहे, कारण वाऱ्याबरोबर पळणाऱ्या तराफ्याला वारा कमी लागतो. सहा चौरस मीटरचे शीड, सेकंदाला सहा मीटर वारा आणि आपला सहा ओंडक्यांचा तराफा घेतला, तर रिकामा तराफा सेकंदाला सुमारे ०.९ मीटर आणि २० सेंटिमीटर बुडालेला भरलेला तराफा सुमारे ०.८ मीटर वेग धरतो. 'कॉन-टिकी'ने १०१ दिवसांत सुमारे ६,९०० किलोमीटर कापले, म्हणजे प्रवाहासह सरासरी ०.८ मीटरच्या जवळपास. तुमचा तराफा सेकंदाला चार मीटर पळत असेल, तर अवरोधाच्या गणितात काहीतरी राहून गेले आहे. या वेगाने ४०० मीटरवरचे बेट आठ मिनिटांवर येते. बेटे तेवढ्याच अंतरावर ठेवावीत.

दिशेसाठी मागचे सुकाणू-वल्हे तर ठेवावेच, पण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या तराफ्यांची गुआरा ही पद्धतही घ्यावी. ओंडक्यांच्या फटीतून उभ्या फळ्या पाण्यात सोडायच्या आणि वरखाली करायच्या, एवढेच त्यात असते. पुढची फळी खाली सोडली की तराफ्याचे तोंड वाऱ्याकडे वळते. मागची सोडली की वाऱ्यापासून दूर जाते. प्रत्येक फळीला तिच्या जागी आडवा अवरोध दिला की वळणे आपोआप घडते, वेगळा कोड लागत नाही. एकट्या खेळाडूला हे सुकाणूपेक्षा सोयीचे पडते, कारण फळी एकदा लावून ठेवली की मासे पकडायला हात मोकळे राहतात.

नांगराला फार वेळ देऊ नये: दगड, जाळी आणि दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट असल्याशिवाय पकड न मिळणे, एवढे पुरे.

पायरी ९: आकडे लपवा, खुणा दाखवा

इतकी गणिते करून पडद्यावर टक्केवारी दाखवली तर सारे वाया गेले. ओंडक्याच्या टोकाला खेळाडूला कोळशाने रेघ मारू द्यावी. आठवड्याने ती पाण्याखाली गेली की लाकूड भिजले आहे हे त्याला कळेल. झिजलेल्या बांधणीचे तंतू सुटलेले दिसावेत आणि ताण वाढला की करकरण्याचा आवाज त्याच बांधणीच्या दिशेने यावा. अंधारात, वादळात, आवाजाच्या मागावर जाऊन बांधणी शोधणे हा या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत चांगला क्षण ठरू शकतो, म्हणून आवाजावर खर्च करावा.

पायरी १०: चाचण्या

बेटे आणि शार्क बनवण्याआधी पुढील चाचण्या स्वयंचलित करून ठेवाव्यात. कोरडा ओंडका शांत पाण्यात सोडल्यावर त्याचा तळ सुमारे १४.६ सेंटिमीटर खोलीवर स्थिरावला पाहिजे. हा आकडा जुळत नसेल तर पुढे जाऊच नये. सहा ओंडक्यांच्या तराफ्याच्या कडेला तीन पात्रे उभी केल्यावर तो कलला पाहिजे, पण उलटता कामा नये. तीन ओंडक्यांच्या तराफ्यावर १५० किलोची पेटी मीटरभर उंचीवर ठेवून मध्यम लाट सोडल्यास तो उलटला पाहिजे, आणि तीच पेटी थेट ओंडक्यांवर ठेवल्यास तरला पाहिजे. मूळबिंदूपासून दोन किलोमीटर दूर नेऊन हेच निकाल पुन्हा तपासावेत. भौतिक टप्पे सेकंदाला ३० केल्यावरही तराफा उडून जाता कामा नये. उडाला तर अवरोधाचा गुणांक टप्प्याच्या मानाने फार मोठा आहे, तो कमी करावा. मल्टिप्लेअर करायचे असेल, तर लाटांचे घड्याळ आणि बांधण्यांची झीज फक्त सर्व्हरवर ठेवून, इतरांना त्या घड्याळाची वेळ, तराफ्याची स्थिती आणि तुटलेल्या बांधण्यांची यादी तेवढी पाठवावी.